उत्साह पगारात धरलेला नसतो

पहिल्या मोठ्या नोकरीत कोडमध्ये केलेला माझा पहिला बदल दोन ओळींचा होता. सॉफ्टवेअर बसवताना डिस्कवर जागा कमी पडली की जो संदेश दिसतो, तो लांब शब्दांच्या भाषांमध्ये चौकटीबाहेर जायचा आणि शेवटचे शब्द कापले जायचे. कापलं जायचं तेही नेमकं कामाचं: किती जागा मोकळी करायची तो आकडा. त्या दोन ओळींवर रिव्ह्यू करणाऱ्याने, म्हणजे बदल बाहेर जाण्याआधी तो तपासणाऱ्या सहकाऱ्याने, अकरा शेरे लिहिले. उजवीकडून डावीकडे लिहितात त्या भाषांत हे कसं दिसेल? अक्षरं मोठी करून वाचणाऱ्याला कसं दिसेल? डोळ्यांनी न दिसणाऱ्याला स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हा आकडा कसा उच्चारेल? तीन दिवस मी तेवढंच करत होते. चौथ्या दिवशी बदल बाहेर गेला. आधी शंभरातल्या एका मशीनवर, मग दहा मशीनवर, मग सगळीकडे. तो किती मशीनवर पोचला याचा आलेख चढताना मी जागची न उठता पाहत बसले होते. कुठेतरी कोणीतरी तो संदेश आता शेवटपर्यंत वाचत होतं.

तो दिवस आठवला की आजही अंगावर मूठभर मांस चढतं. दोन ओळींसाठी एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेल्या माणसाच्या या उत्साहाकडे दोन नजरांनी पाहिलं जातं आणि मला दोन्ही पटत नाहीत. जुनी मंडळी म्हणतात, नव्याचे नऊ दिवस, पुढे कळेलच. कंपनी म्हणते, आम्हाला हवा आहे तो हाच उत्साह. मग ती जाहिरातीत तसं लिहिते, मुलाखतीत तेच शोधते आणि वर्षाअखेरीला तेच मोजते. पहिली नजर माणसाला थकायच्या आधीच थकवते. दुसरी त्याच्या मनातली गोष्ट आपल्या खात्यात जमा करून घेते. हा उत्साह खरा असतो, मोलाचा असतो आणि तो त्या माणसाचा असतो. कंपनीने त्याला जागा द्यावी. तो मागायचा अधिकार मात्र तिला नाही, आणि सध्या आपण सगळ्यांनी मिळून तो तिला देऊन टाकला आहे.

आधी हा उत्साह येतो कुठून ते पाहू, कारण तो केवळ नावाचा किंवा पगाराचा असतो असं मानणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा महिन्याला ४५ कोटींहून जास्त लोक ते वापरत होते आणि कंपनीत माणसं होती ५५. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे ऐंशी लाखांहून जास्त वापरणारे. इतक्या थोड्या माणसांचं काम इतक्या लोकांपर्यंत पोचवणारे धंदे फार नाहीत. शिवाय मोठ्या कंपनीत आणखी एक गोष्ट मिळते, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तुम्ही एक अडलेला प्रश्न विचारता आणि शेजारचा माणूस म्हणतो, ‘मलाही माहीत नाही, बघू या.’ मग दोघं मिळून तासभर खाली खाली खोदत जाता आणि तळाशी उत्तर सापडतं. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायला कोणी ढकलावं लागत नाही.

या उत्साहाचा सर्वांत चांगला नमुना मला मार्च २०२४ मधल्या घटनेत दिसतो. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंते, पोस्टग्रेस या डेटाबेसवरचे जाणकार. त्या डेटाबेसच्या वेगाची बारीक मोजमापं घेत असताना मशीनवर उगाच चाललेली बाकीची कामं त्यांना शांत करायची होती. तेव्हा त्यांच्या नजरेस आलं की दुरून लॉगिन करण्याचे प्रयत्न प्रोसेसरला वाजवीपेक्षा जास्त राबवताहेत आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद. एवढ्यात आपली पापणी फार तर एकदा-दोनदा मिटते. त्यांचं काम त्या लॉगिनशी संबंधित नव्हतं. दुसरा कोणीही ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेला असता आणि त्याला कोणी बोल लावला नसता. त्यांना काही आठवड्यांपूर्वी एका तपासणीत आलेली एक विचित्र तक्रारही आठवली. ते खणत गेले, आणि फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्स मशीनवर असणाऱ्या छोट्याशा साधनात कोणीतरी मुद्दाम बसवलेला चोरदरवाजा त्यांच्या हाती लागला. तो बसवणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त काळ मदतनीस म्हणून काम करून, ते साधन जवळजवळ एकट्याने सांभाळणाऱ्या, थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास मिळवला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं. सदोष आवृत्त्या तेव्हा बहुतेक ठिकाणी चाचणीच्याच पायरीवर होत्या, त्यामुळे चोरदरवाजा मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधीच बंद झाला.

ही गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. उत्साह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाळ्या, घोषणा, कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट येतात. इथे यातलं काहीच नाही. इथे एक माणूस आहे आणि त्याला अर्धा सेकंद खटकला आहे. त्याचा पगार मायक्रोसॉफ्ट देत होती आणि अशा कामाला मोकळीक देणारी जागा तिने दिली, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण ती खटक त्याची होती. ती कुठल्याही करारात लिहिलेली नव्हती, लिहिता आलीही नसती.

जागा देणं म्हणजे काय, हे काही कंपन्यांना चांगलं कळलंही होतं. २००४ मध्ये गूगल शेअर बाजारात उतरली तेव्हा संस्थापकांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं की कर्मचाऱ्यांनी आपला वीस टक्के वेळ त्यांना कंपनीच्या फायद्याचं वाटेल अशा, पण स्वतः निवडलेल्या कामावर घालवावा, असं आम्ही सुचवतो. गूगल न्यूजचा पहिला नमुना त्याच वेळात तयार झाला, हेही त्यात होतं. पाचातला एक दिवस माणसाच्या स्वाधीन करायचा आणि काय उगवतं ते पाहायचं. उत्साहाशी वागण्याची ही रीत मला मान्य आहे, कारण यात कंपनीने आपलं काहीतरी आधी पणाला लावलं आहे.

याहून बोलकी गोष्ट पहिल्या मॅकिन्टॉश संगणकाची आहे. १९८२ मध्ये अ‍ॅपलमधल्या त्या टीमला एकत्र बोलावून सगळ्यांच्या सह्या घेतल्या गेल्या आणि त्या सह्या मशीनच्या प्लास्टिकच्या कवचाच्या आतल्या बाजूला उमटतील अशा रीतीने साच्यात कोरल्या गेल्या. १९८४ मध्ये मॅकिन्टॉश बाजारात आलं. विकत घेणाऱ्याला त्या सह्या कधी दिसणार नव्हत्या, मशीन उघडणाऱ्यालाच दिसायच्या. चित्रकार आपल्या चित्रावर सही करतो तसे हे लोक आपल्या कामावर सही करताहेत, हे त्यामागे होतं. आणि त्याच टीमला त्याच काळात राखाडी स्वेटशर्टही मिळाले. आठवड्याला ९० तास काम करतो आणि ते आवडतंही, अशा अर्थाचं वाक्य त्यावर छापलेलं होतं.

सही आणि स्वेटशर्ट. एकाच टीमच्या, एकाच उत्साहाला मिळालेली ही दोन उत्तरं आहेत. सही म्हणते, हे तू केलंस. स्वेटशर्ट म्हणतो, तू इतके तास दिलेस आणि तुला तक्रार नाही. नव्वद तास खरंच आवडीने देणारी माणसं त्या टीममध्ये असतीलही, मला शंका नाही. पण ते वाक्य एकदा छातीवर छापलं की साठ तासांत घरी जाणाऱ्याचं प्रेम कमी ठरतं. आजारी आई असलेल्याचं, लहान मूल असलेल्याचं, किंवा साठ तासांत काम नीट होतं एवढंच ज्याचं म्हणणं आहे त्याचंही. उद्योगाने पुढच्या चाळीस वर्षांत सह्यांपेक्षा स्वेटशर्टच जास्त वाटले.

मग भाषा आली. आपण एक कुटुंब आहोत. कंपनीवर प्रेम करा. २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांसमोर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर मंचावर उड्या मारत, ओरडत आले आणि धापा टाकत म्हणाले की माझं या कंपनीवर प्रेम आहे. ते दृश्य पुढे जगभर पाहिलं गेलं. त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. १९८० पासून ते तिथे होते, कंपनी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती आणि तिचा मोठा हिस्सा त्यांच्या मालकीचा होता. मालकाचं आपल्या घरावर प्रेम असतं तसं ते होतं. समोर बसलेल्या चाचणी-अभियंत्याचं प्रेम तेवढंच असलं, तरी घराची किल्ली त्याच्याकडे नव्हती. आणि काही जण तर त्या घरात धरलेलेच नव्हते. वर्षानुवर्षं तिथेच बसून तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसांना कर्मचाऱ्यांच्या सवलती का नाहीत, यावरून चाललेला दावा त्याच कंपनीने २००० च्या अखेरीला ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन मिटवला. त्यांच्या ओळखपत्राचा रंग वेगळा असायचा. त्यांच्या उत्साहाचा रंग वेगळा होता, असं कोणी म्हणेल का?

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं हा शब्दप्रयोग आहे आणि तो मला आवडतो. पण पगाराला मीठ म्हणणं मला मान्य नाही. पगार हा केलेल्या कामाचा मोबदला आहे. काम दिलं, पैसे घेतले, महिना संपला तेव्हा दोघांचे हिशेब चुकते झाले. त्यावर जे काही माणूस देतो, म्हणजे रात्री अंथरुणात सुचलेला उपाय, दुसऱ्या टीमच्या बगसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीसाठी, घालवलेली दुपार, नव्या सहकाऱ्याला समजावताना घेतलेली दमछाक, ते सगळं पदरचं असतं. पदरचं देणाऱ्याला जागायचं असतं घेणाऱ्याने.

आणि घेणारे कसे जागले? २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी, इंट्यूट आणि पिक्सार यांच्यावर खटला भरला. आरोप असा की या कंपन्यांनी एकमेकींची माणसं स्वतःहून फोन करून बोलवायची नाहीत, असे आपसांत करार केले होते. ज्यांच्या उत्साहाच्या गोष्टी या कंपन्या भाषणांत सांगत होत्या, त्यांना बाहेर आपली किंमत किती आहे हे कळू नये, अशी ही व्यवस्था होती. कर्मचाऱ्यांच्या दाव्यात त्यातल्या चार कंपन्यांनी ४१ कोटी ५० लाख डॉलर देण्याचं कबूल केलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या माणसांच्या प्रेमाची ज्यांना खात्री आहे, त्यांना शेजाऱ्याचा फोन येऊ नये म्हणून चोरून करार करावे लागत नाहीत.

व्हिडिओ गेमच्या उद्योगात तर हे आणखी उघडं आहे, कारण तिथे लोक लहानपणापासूनची आवड घेऊन येतात. नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने नाव न देता लिहिलं की सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, अधूनमधून मिळणारी शनिवारची संध्याकाळ सोडली तर, असं सक्तीचं काम चाललं आहे. ते आठवड्याला सुमारे ८५ तास भरतात आणि त्याचे जादा पैसे मिळत नाहीत. पुढे जादा तासांच्या दोन दाव्यांत त्या कंपनीने मिळून सुमारे ३ कोटी डॉलर दिले. हे लिहिणारी कर्मचारी नव्हती, घरी वाट पाहणारी होती. ज्याचा उत्साह वापरला जात होता, तो स्वतः बोलला नव्हता. उत्साही माणूस बोलत नाही. त्याला वाटतं, मीच कमी पडतोय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. या लोकांना पगार भरपूर मिळतो, मग रडगाणं कशाला? पगार चांगला असतो हे खरं आहे आणि तो नाकारून मी बोलणार नाही. पण पगाराने कामाचे तास विकत मिळतात, कौशल्य मिळतं. जादा पगार देऊन कंपनीला माणसाचं मन मिळत असतं, तर तिला दर वर्षी ते मोजत बसायची गरज पडली नसती. दुसरं असं, की उत्साहाचं निमित्त करून होणारं नुकसान फक्त चांगल्या पगारवाल्यांचं होत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या एका संशोधनात दिसलं की एखाद्याला आपलं काम मनापासून आवडतं असं सांगितलं, की त्याला बिनपैशाचं जादा काम देणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं, कामाबाहेरची हलकी कामं सांगणं लोकांना जास्त रास्त वाटतं. आवड दाखवली की समोरच्याच्या मनात त्या माणसाचा दर उतरतो. वाचलं तेव्हा मला आपल्या आसपासच्या शिक्षिका, परिचारिका आठवल्या. त्यांच्याशी आपण सगळे हेच वागत आलो आहोत.

आता मोजण्याबद्दल. १९८३ मध्ये आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून भावनिक श्रम ही कल्पना मांडली. चेहऱ्यावर हसू ठेवणं हाही नोकरीचा भाग झाला की माणूस हसूसुद्धा राबवत असतो, असं त्यांचं म्हणणं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे लागू होईल असं तेव्हा कोणाला वाटलं नसेल. आज होतं.

एका मोठ्या कंपनीत काही वर्षं मी मॅनेजर होते. वर्षाअखेरीला सगळे मॅनेजर एका खोलीत बसून आपापल्या माणसांना श्रेणी देत. माझ्या टीममध्ये एक अबोल माणूस होता. बैठकीत तो कॅमेरा बंद ठेवायचा, घोषणांना अंगठे-बिंगठे द्यायचा नाही. त्या वर्षी त्याने एक भयंकर बग शोधला होता. डिस्क काठोकाठ भरलेली असताना आमचं सॉफ्टवेअर बॅकअप घ्यायचं, शेवटची फाइल अर्धवट लिहिली जायची आणि तरी पडद्यावर ‘पूर्ण झाले’ असं यायचं. कोणाच्या तरी सगळ्या फोटोंची, हिशेबांची एकुलती एक प्रत अशी अर्धी असू शकत होती. ग्राहकाची तक्रार आलेली नव्हती. त्याला एका चाचणीच्या नोंदीत फाइलचा आकार दोन ठिकाणी वेगळा दिसला, आणि तो नऊ दिवस त्याच्या मागे होता.

त्या खोलीत दुसरा एक मॅनेजर म्हणाला, ‘काम ठीक आहे, पण त्याच्यात उत्साह दिसत नाही.’ फॉर्मवर तसा रकानाही होता. मी बगबद्दल सांगितलं, पण एकदाच सांगितलं. दुपार टळून गेली होती, यादी लांब होती, सगळे थकले होते. त्याची श्रेणी एक पायरी खाली आली आणि मी त्याला ते समजावून सांगताना ‘थोडं बोलत जा’ असं म्हणाले. तो ‘बरं’ म्हणाला. ज्याने नऊ दिवस एका आकड्याचा पिच्छा पुरवला, त्याला उत्साह नाही असं मी लेखी कळवलं. हे मी आयुष्यात केलेल्या चुकीच्या कामांपैकी एक आहे.

पुढच्या वर्षी नोकरकपात झाली. यादी कशी तयार झाली हे मला कोणी सांगितलं नाही. सकाळी त्याचा लॅपटॉप उघडला नाही, म्हणून त्याने मला फोन करून विचारलं की सर्व्हर बंद आहे का. सर्व्हर चालू होता. मला कळलं आणि मग त्याला माझ्याकडून कळलं. तो आधी गप्प राहिला आणि मग म्हणाला, माझ्याकडे दोन जणांचे रिव्ह्यू अडकले आहेत, ते कोणाला तरी दे.

हे सगळीकडे चाललं होतं आणि चालतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० हून अधिक, जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि गूगलने १२,००० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. धंद्यात माणसं कमी करावी लागतात, हे मी मान्य करते. पण ज्या माणसाने दहा वर्षं एखाद्या गोष्टीत जीव ओतला, त्याला ती गोष्ट नीट दुसऱ्याच्या हाती सोपवायला दोन आठवडे मिळू नयेत, निरोप घ्यायला एक दुपार मिळू नये? सुरक्षिततेचं कारण सांगतात. आदल्या संध्याकाळपर्यंत ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या होत्या, तो रात्रीत चोर कसा ठरतो, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

उत्साह मोजण्यातला आणखी एक धोका कंपनीच्याच मुळावर येतो. मोजलं जातं ते दिसणारं, आणि होकार देणारा माणूस सर्वांत उत्साही दिसतो. नकार देणारा कुरकुऱ्या ठरतो. खरं तर नकार द्यायला जास्त जीव लागतो. २०१८ मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी, लष्करी ड्रोनच्या चित्रणाचं विश्लेषण करणाऱ्या मेव्हन या प्रकल्पात कंपनीने असू नये, अशा पत्रावर सह्या केल्या आणि त्या जूनमध्ये कंपनीने तो करार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. प्रकल्पाच्या बाजूनेही मुद्दे होते, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की ज्यांना कंपनीचं काही सोयरसुतक नसतं ते असल्या पत्राखाली आपलं नाव घालून नोकरी धोक्यात घालत नाहीत. ते पाट्या टाकतात आणि घरी जातात.

उलट जिथे वाईट बातमी वर पोचत नाही, तिथे काय होतं ते ब्रिटनच्या टपाल खात्याने पाहिलं. फुजित्सू या जपानी कंपनीने सांभाळलेल्या होरायझन या हिशेबाच्या प्रणालीतल्या चुकांमुळे टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांच्या खात्यांत खोटी तूट दिसायची. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी आणि अफरातफरीसाठी दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या लोकांना ठाऊक होतं, हे पुढे चौकशीत बाहेर आलं. तिथे त्या वेळी कमी काय पडलं? टाळ्या वाजवणारे नक्कीच नाहीत.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. नोकरीच्या जाहिरातीतून आणि मूल्यमापनाच्या फॉर्ममधून उत्साह, जिद्द, झपाटलेपण हे शब्द काढून टाकावेत. काम काय आहे आणि ते कसं झालं एवढंच विचारावं. रात्री ऑन-कॉल असणाऱ्याला, म्हणजे काही बिघडलं तर उठून पाहावं लागतं त्याला, दुसऱ्या दिवशी मोकळीक किंवा पैसे मिळावेत, आणि ते मागावे लागू नयेत. कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या मशीनवर केलेलं काम कंपनीच्या मालकीचं ठरवणारी करारातली कलमं कमी व्हावीत. मॅनेजर लोकांना शांत माणसाचं काम वाचायला शिकवावं, कारण ते बैठकीत दिसत नाही. आणि माणसाला काढायचं असेल तर माणसाने माणसाला सांगावं. यातलं एकही काम कंपनीला परवडणार नाही असं नाही. मंचावरच्या एका सोहळ्याच्या खर्चात यातलं पुष्कळ होऊन जाईल.

आणि जे आत्ता नव्याने लागले आहेत, ज्यांचा पहिला बदल या आठवड्यात बाहेर जाणार आहे, त्यांना मी आवर घालायला सांगणार नाही. आलेख चढताना पाहत बसा. ज्याने अकरा शेरे लिहिले त्याच्याकडून शिकून घ्या, त्याने आपली दुपार तुमच्या दोन ओळींवर घातली आहे. फक्त तो उत्साह कोणाचा, हे मनात पक्कं असू द्या. तो वापरणाऱ्यासाठी आहे, शेजारच्या सहकाऱ्यासाठी आहे, त्या कामासाठी आहे. नोकरी बदलली तर तो तुमच्याबरोबर जाईल, तो इथे ठेवून जायची गरज नाही.

मॅनेजरचं काम सोडून मी पुन्हा कोडकडे आले. गेल्या महिन्यात बॅकअप सावकाश होतो म्हणून मी तो भाग उघडला. प्रत्येक फाइल लिहून झाल्यावर ती पुन्हा उघडून तिचा आकार ताडून पाहिला जातो, असं दिसलं. एवढं कशाला, म्हणून मी ती तपासणी काढायला घेतली. तिच्या वर चार ओळींचं टिपण होतं: डिस्क भरलेली असेल तर काय होतं, ते पडद्यावर का दिसत नाही, आणि ही तपासणी महाग वाटली तरी का काढू नये. ते टिपण कोणी लिहिलं ते पाहिलं. त्याचं नाव होतं. नावावर क्लिक केलं तर ही व्यक्ती आता कंपनीत नाही, एवढंच येत होतं. मी तपासणी होती तशी ठेवली आणि सावकाशपणाचं कारण दुसरीकडे शोधायला लागले.